घरापासून दूर बोटीचं मोठं काम निघालं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या घरापासून जवळचं मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, साधारण पन्नास किलोमीटर. समुद्र त्याच्या सहा-सातपट लांब. तरी लग्नात, दहाव्याला आणि वाळूजच्या चहाच्या टपरीवर लोक मला बोटीबद्दलच विचारतात. नोकरी मर्चंट नेव्हीच्या इंजिन रूममध्ये झाली. निवृत्तीनंतर मलेशियातल्या लंकावी बेटावर एक जुनी ३६ फुटी शिडाची बोट घेतली. वर्षातले चार-पाच महिने मी आणि बायको तिच्यावर असतो. आता नेव्हीतली आमच्याकडची काही पोरंही असा विचार करायलीत, आणि त्यांचे फोन बहुतेक बोट बंद पडल्यावरच येतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

काहून हो, ज्या मुलखात टँकर लागतो तिथल्या माणसानं बोट घ्यावी?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं, तेव्हा मी अंदमान समुद्रात इंजिनखाली साचलेलं पाणी बादलीनं बाहेर फेकत होतो. बंदरात पोचल्यावर लातूरच्या बहिणीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "फेकू नको, इकडं पाठव." मला अजून याहून बरं उत्तर सुचलेलं नाही.

मोठी दुरुस्ती नेमकी कशाला म्हणायची?

बोट पाण्यात असताना आणि बोटीवरच्या सामानानं जे होत नाही, ते मोठं काम. बोट उचलावी लागणं, डोलकाठी उतरवावी लागणं, इंजिन बाहेर काढावं लागणं, सुकाणू खाली घ्यावं लागणं. पाण्याच्या पंपाचा इंपेलर, म्हणजे आतलं रबरी चाक, फाटला, पट्टा तुटला, डिझेल फिल्टर तुंबला, ही किरकोळ कामं.

किरकोळाचं मोठं कसं होतं ते ग्लँडवरून सांगतो. प्रोपेलरचा शाफ्ट बोटीच्या पोटातून बाहेर जातो. त्या वाटेनं पाणी आत येऊ नये म्हणून तिथं ग्लँड असतो. विहिरीवरच्या जुन्या पंपाला ग्लँड दोरी भरताना तुम्ही पाहिलंच असेल, तीच गोष्ट. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडायलाच पाहिजेत. एकही पडत नसेल तर आत दोरी जळत असते आणि शाफ्टवर चरा पडत असतो. धार लागली तर नट थोडा आवळायचा, तरी थांबत नसेल तर दोरी बदलायची. नवे लोक थेंब दिसला की पाना घेऊन आवळत सुटतात. दोन हंगामांनी शाफ्टच बदलावा लागतो, आणि शाफ्ट बदलायचा म्हणजे बोट उचलणं आलंच.

भर समुद्रात बिघाड झाला तर पहिल्या तासात काय करायचं?

आत पाणी दिसलं तर आधी हाताचं बोट त्यात बुडवून चाखा. खारट लागलं तर समुद्र आत येतोय. गोड लागलं तर तुमचीच पाण्याची टाकी किंवा नळी फुटली आहे, आणि तुम्ही उगाच घाबरलात. मी एकदा असाच अर्धा तास लाइफ जॅकेट घालून बसलो होतो.

दुसरं, इंजिन सुरू होत नसेल तर स्टार्टर मारत बसू नका. हे ठळक अक्षरात लिहायला हवं. बोटीच्या इंजिनात समुद्राचं पाणी थंडाव्यासाठी खेचलं जातं आणि धुरासोबत बाहेर टाकलं जातं. इंजिन नुसतं फिरत राहिलं तर पंप पाणी आणत राहतो, पण ते बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरात शिरतं. म्हणून दोन-तीनदा मारून सुरू झालं नाही तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करायचा आणि मगच पुढचे प्रयत्न. इंजिन सुरू झालं की लगेच कॉक उघडायचा, नाहीतर इंपेलर जळतो. मी हँडलच्या शेजारी बायकोच्या अक्षरात कागद चिकटवलाय: "आधी मला विचार."

खारं पाणी आत गेलंच, तर बंदर येईपर्यंत थांबू नका. इंजेक्टर काढा, इंजिन फिरवून पाणी बाहेर फेका. ऑइल दुधासारखं पांढरं दिसेल. ते काढून नवं भरा, थोडा वेळ चालवा, पुन्हा बदला. तीन-चारदा करावं लागतं. हे पहिल्या दिवसात झालं तर इंजिन वाचतं, आठवड्याने उघडलं तर रिंगा गंजून बसलेल्या असतात.

बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबरचं, मदतीच्या हाकेचं चॅनल चालू ठेवा. भारताच्या किनाऱ्याजवळ मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आहे. बुडायला लागल्यावर सांगू असं करू नका, बिघाड झाला की नुसतं कळवून ठेवा.

जवळच्या बंदरात शिरायचं की दुरुस्तीची सोय असेल तिथवर जायचं?

सुकाणू किंवा पाणी शिरण्याचा प्रश्न असेल तर जवळचं बंदर. नौदलाच्या सहा महिला अधिकारी आयएनएसव्ही तारिणी या शिडाच्या बोटीवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या होत्या. त्यांनी एप्रिल २०१८ मध्ये ठरलेल्या वेळापत्रकात नसलेलं मॉरिशसचं पोर्ट लुईस गाठलं ते स्टिअरिंगच्या बिघाडामुळे. घर जवळ आलेलं असतानाही त्यांनी वाट वाकडी केली. आपण कोण लागून गेलो?

इंजिन बंद पण शीड धड असेल, तर मात्र मी सोयीचं बंदर बघतो आणि त्याहून आधी महिना बघतो. जानेवारी ते मार्च ईशान्येचा वारा स्थिर असतो. थायलंडकडून श्रीलंका, मालदीवकडे जाणाऱ्या बोटी याच काळात निघतात. मे महिन्यात बोट यार्डात, म्हणजे दुरुस्तीच्या आवारात, अडकली तर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तुमच्यासाठी समुद्र बंद, तो थेट ऑक्टोबरपर्यंत. आणि एक गंमत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तुम्हाला वाटेल, कारागीर मोकळे असतील. उलट असतं. सगळ्या मच्छीमार बोटी तेव्हाच वर ओढलेल्या असतात. सुतार, फायबरवाला, डिझेल मिस्त्री यांना मान वर करायला फुरसत नसते. पोळ्याच्या आधी लोहार गाठण्यासारखं आहे ते.

यार्ड कसं पारखायचं?

ऑफिसात बसू नका, आवारात फिरा. टेकूंवर उभ्या बोटी किती दिवसांच्या आहेत ते बघा. पाच-सहा बोटींखाली गवत वाढलेलं असेल तर तिथं काम सुरू होतं, संपत नाही. मग मालकांशी बोला, शिडी चढणारा प्रत्येक मालक बोलायला आसुसलेला असतो.

तीन गोष्टी आधीच विचारून घ्या. मालकाला स्वतः काम करू देता का, बाहेरचा मिस्त्री आणला तर चालेल का, आणि बोट उचलणाऱ्या क्रेनचा भार व रुंदी किती. बोटीच्या पोटाचा आडवा फोटो जवळ असू द्या. क्रेनचा पट्टा शाफ्टवर किंवा सुकाणूवर आला तर एक काम करायला जाऊन दुसरं निघतं. पट्टे कुठे बसले पाहिजेत त्याच्या खुणा मी बोटीच्या कडेला रंगवून ठेवल्या आहेत.

काम यार्डवर सोपवून घरी आलो तर चालेल का?

नाही.

हे उत्तर मी पैसे मोजून शिकलो, त्यामुळे जरा लांबवतो. एकदा पुतण्याच्या लग्नासाठी तीन आठवडे घरी आलो. बोट एका यार्डात वर काढलेली होती. सुकाणूच्या वरच्या बेअरिंगजवळ फायबरला तडा होता आणि त्यातून पाणी झिरपत होतं. सांगून आलो होतो की आधी वाळवा, मग घासा, मग भरा. इकडं हळदीच्या मांडवात रोज व्हॉट्सॲपवर फोटो यायचे. निळाशार रंग, एकसारखा पृष्ठभाग. मी पाहुण्यांना दाखवत फिरलो.

परत गेलो, शिडी लावली, बोटाचं पेर टेकवलं. ओलसर लागलं. नखानं खरवडलं तर रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली तोच तडा, आणि तडा ओलाच. पुट्टी ओल्यावर भरली होती, ती चिमटीत धरून सोलल्यासारखी निघाली. खाली वाकून बघतो तर शाफ्टवरच्या झिंकलाही त्याच निळ्या रंगाचा हात मारलेला. झिंक ठेवलेलं असतं ते शाफ्ट आणि प्रोपेलरच्या ऐवजी त्यानं झिजावं म्हणून. त्याला रंग दिला की ते नुसतं वजन. रंगवणाऱ्या पोराची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारा मांडवात जिलेबी खात होता.

तेव्हापासून माझा नियम असा: घरी यावंच लागलं तर जे काम झाकलं जाणार आहे ते मी नसताना होणार नाही. रंग माझ्यासमोर. फायबरचा प्रत्येक थर माझ्यासमोर. पैसे टप्प्याटप्प्यानं आणि टप्पा डोळ्यांनी बघून. कामाची यादी कागदावर लिहून दोघांच्या सह्या. फोटोला ओल दिसत नाही.

सुटे भाग गावाकडून नेता येतात का?

येतात, आणि याबाबतीत आपण नशीबवान आहोत. फुकेतहून लंकावीकडे येताना रात्री प्रोपेलरमध्ये तुटकं जाळं अडकलं. धाडकन आवाज होऊन इंजिन थांबलं. शाफ्ट वाकला आणि शाफ्टला गिअरबॉक्सशी जोडणारं कपलिंग तडकलं. शाफ्ट तिथंच ३० मिलिमीटरच्या स्टेनलेस दांड्यातून बनला. कपलिंग मागवलं तर सहा आठवडे सांगितले.

वाळूज एमआयडीसीत माझ्या ओळखीचा एक टर्नर आहे. त्याला व्हर्नियरनं मापं घेऊन ड्रॉइंग पाठवलं. त्यानं दोन दिवसांत कपलिंग बनवलं आणि भाच्यानं ते पिशवीत घालून आणलं. बसवायला गेलो तर शाफ्टवर खुळखुळत होतं. मी माप जुन्या कपलिंगच्या भोकाचं घेतलं होतं आणि ते भोक घासून मोठं झालेलं होतं. टर्नरला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चप्पल झिजली म्हणून पायाचं माप बदलतं का?" चाळीस वर्षं इंजिनात घालवलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. मग नव्या शाफ्टचं माप मायक्रोमीटरनं तीन ठिकाणी घेतलं, की-वेची, म्हणजे चावी बसते त्या खाचेची, रुंदी-खोली वेगळी लिहिली, आणि दुसरं कपलिंग आलं ते हातानं दाबल्यावर हळूच सरकलं. पहिलं अजून घरी आहे, रद्दीवर ठेवायला बरं पडतं.

कपलिंगच्या दोन चकत्या समोरासमोर आणून फीलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पात्यांनी, फट मोजतात. चार इंची चकतीला वर-खाली आणि डावी-उजवीकडे मिळून फरक ०.१ मिलिमीटरच्या आत हवा. आणि हे मोजमाप बोट पाण्यात सोडल्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा करायचं. जमिनीवर टेकूंवर उभी बोट आणि पाण्यात तरंगणारी बोट यांचा आकार किंचित वेगळा असतो.

इंजिनाचं म्हणाल तर माझं बीटा मरीनचं आहे आणि त्याचा मूळ ब्लॉक कुबोटाचा. कुबोटा म्हटलं की आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. नॅनी कंपनीचीही बरीच इंजिनं त्याच ब्लॉकवर बनतात. ब्लॉकचा नंबर दाखवून ऑइल फिल्टर, थर्मोस्टॅट, गॅस्केट असं सामान इकडच्या ट्रॅक्टर स्पेअरच्या दुकानातून मिळू शकतं. नोझल मी जालन्यात तपासून घेतो. मात्र समुद्राच्या पाण्याशी संबंध येणारं काही, म्हणजे हीट एक्स्चेंजर, खाऱ्या पाण्याचा पंप, धुरात पाणी मिसळतं तो एल्बो, हे ट्रॅक्टरला नसतंच. ते सामान सोबत जास्तीचं ठेवा.

विमानात रेझिन, हार्डनर, स्प्रेचे डबे, मोठ्या लिथियम बॅटऱ्या नेता येत नाहीत. वापरलेला पंप किंवा नोझल न्यायचे तर डिझेलचा वास पूर्ण जाईपर्यंत धुवा. नुसत्या वासावरून बॅग उतरवतात.

कस्टमचं काय?

लंकावी १९८७ पासून करमुक्त बेट आहे, तिथं डोकेदुखी कमी. इतरत्र देशोदेशीचे नियम वेगळे. परदेशी बोट तात्पुरती आली असेल तर तिच्या सुट्या भागांवर बऱ्याच ठिकाणी सवलत असते, पण पार्सलवर बोटीचं नाव आणि "शिप्स स्पेअर्स इन ट्रान्झिट" असं लिहिलेलं हवं, आणि बंदरात शिरतानाच्या कागदाची प्रत जोडलेली हवी. पार्सल सुटण्याआधी तिथल्या एजंटाला विचारा. अडकल्यावर विचारलं तर तेच उत्तर महाग पडतं.

विमा कंपनी पैसे देते का?

अपघाताचे देते, झिजण्याचे देत नाही. जाळं अडकून शाफ्ट वाकला हा अपघात. ग्लँड वर्षानुवर्षं आवळून शाफ्टवर चरा पडला ही झीज. काम सुरू करण्याआधी कंपनीला कळवा, सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येईपर्यंत मोडका भाग फेकू नका. पण म्हणून हात बांधून बसू नका. नुकसान वाढू नये यासाठी वाजवी ते करणं हे विमाधारकाचं कर्तव्य आहे. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही ते आहे. गळती थांबवायला केलेला खर्च लिहून ठेवा, पावत्या जपा.

वर काढलेल्या बोटीवर बायकोमुलांसह राहता येतं का?

येतं, पण बोट तेव्हा बोट नसते. ती तीन मीटर उंचीवरची पत्र्याची खोली असते, जिथं मोरी वापरता येत नाही आणि रात्री लघवीला जायचं तर शिडी उतरावी लागते. शिडी वरून बांधा. खालचे टेकू साखळीनं जोडलेत का ते रोज बघा आणि उन्हासाठी ताडपत्री लावली तर तिची दोरी टेकूला कधीही बांधू नका. वारा आला की ताडपत्री टेकू उपटते. आमची ही तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "यापेक्षा उसाच्या फडावरची कोपी बरी, निदान जमिनीवर असते." दुसऱ्या दिवशी गावात खोली भाड्यानं घेतली. कामाचा वेगही त्यामुळे वाढला.

फायबरचं काम स्वतः जमतं का?

जमतं, घाई नसेल तर. पाणी कुठवर मुरलंय ते बघायला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं डेकवर ठोकत जा, कलिंगड बघतो तसं. कोरड्या जागी टणक आवाज येतो, मुरलेल्या जागी बद्द. बद्द आवाजाची हद्द पेन्सिलीनं आखा आणि मग धीर धरा, ती तुमच्या अंदाजापेक्षा मोठी असते.

भोकाच्या कडा सरळ कापून ठिगळ बसत नाही. जाडीच्या बारापट लांबीचा उतार घासायचा, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीला ६० मिलिमीटर. पॉलिस्टर आणि इपॉक्सी ही दोन वेगळी रेझिनं. जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी चांगलं धरतं, पण इपॉक्सीवर पॉलिस्टरचा जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, नीट धरत नाही. इपॉक्सी सुकल्यावर वर मेणचट थर येऊ शकतो. तो आधी पाण्यानं चोळून धुवा, मग पॉलिश पेपर मारा. उलट केलं तर मेण आत घासलं जातं. लंकावीत हे काम डिसेंबर ते मार्चच्या कोरड्या दिवसांत होतं. बोटीच्या बुडाला ऑस्मोसिसचे, म्हणजे फायबरमध्ये पाणी मुरून येणारे, फोड आले असतील तर वाळायलाच महिने लागतात, मात्र फोडांमुळे बोट बुडत नाही. त्यासाठी प्रवास थांबवू नका.

डोलकाठीच्या तारांचं काय?

तारेपेक्षा तिच्या टोकाची दाबलेली फिटिंग बघा, बारीक चीर तिथंच पडते. भिंगातून बघा, आणि सापडली तर शंका न काढता बदला. जोडीची तारही तेवढ्याच वयाची असते. विमा कंपन्या बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षांनी सगळ्याच तारा बदलायला सांगतात.

हाताशी काहीच नसेल तर?

कमांडर अभिलाष टॉमी यांनी २०२२ च्या गोल्डन ग्लोब या एकट्यानं करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूच्या पात्यासाठी बोटीतल्या संडासाचं दार कापलं आणि शर्यतीत दुसरे आले. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये म्हादेई या बोटीवरून एकट्यानं प्रदक्षिणा पूर्ण केली. असं करणारे ते पहिले भारतीय. ती बोट गोव्यात बांधली जात होती तेव्हापासून ते तिथं होते. कोणता बोल्ट कशाच्या मागं आहे हे त्यांना शोधावं लागत नसणार. जुनी बोट घेणाऱ्यानं निदान एक महिना सगळी फळकुटं उचकटून आत डोकवावं.

पैसे किती बाजूला ठेवावेत?

अंदाजपत्रकाच्या दुप्पट, आणि दिवस तिप्पट. यार्डाचं भाडं बोटीच्या लांबीवर आणि दिवसांवर लागतं, काम न करणाऱ्या दिवसांवरसुद्धा.

सराव कुठं करायचा?

नाथसागरावर पाणी भरपूर आहे, पण तो पक्षी अभयारण्यही आहे आणि शहराला पिण्याचं पाणी तिथूनच येतं. परवानगीशिवाय बोट घालू नका. नुसतं काठावर जा. चप्पूवरून, म्हणजे छोट्या होडीवरून, मासे धरणारे भोई सकाळी चप्पू उलटा टाकून बुडाची सांध तपासतात ते बघा. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला सांध कुठं गळते ते शोधायची रीत दाखवली. आतून पाणी ओतायचं आणि बाहेरून बघायचं.  मी लंकावीत सुकाणूची पेटी तशीच तपासली. आतून बादलीभर पाणी ओतलं आणि जिथं पहिला थेंब आला तिथं खडूची खूण केली. सर्व्हेअरनं यंत्र लावून जागा दाखवली तीही त्याच खुणेवर.

आता बोट कुठं आहे?

वर. डिझेलच्या टाकीचा जोड उकलला आहे आणि टाकी बाहेर काढायला इंजिन पुढं सरकवावं लागणार आहे. नाथषष्ठी झाली की जाईन. गॅस्केटची पिशवी भाच्याकडं आहे, आणि या वेळी मापं टर्नरनं स्वतः विचारून घेतली आहेत.